पोस्टातली बँक अर्धीच का राहिली

पोस्टाने बँकिंग करावं की नाही ही चर्चा अधूनमधून निघते, पण आपल्याकडे पोस्ट हे काम १८८२ पासून करतंय. पुण्यात पेठेतल्या कुठल्याही जुन्या घरातलं कपाट उघडा, पोस्टाचं पासबुक नाहीतर एनएससीची, म्हणजे राष्ट्रीय बचत पत्राची, सर्टिफिकिटं निघतातच. त्यामुळे वाद घालायचाच असेल तर पोस्टाने कर्ज द्यावं का ह्यावर घालूया, कारण तिथेच गेली सव्वाशेच्या वर वर्षं गाडी अडकलीय.

मुळात ही कल्पना ब्रिटनची. तिकडे १८६१ मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना पोस्टात बचत खाती सुरू झाली, कामगाराच्या हातात थोडेफार पैसे उरायला लागले होते आणि बँकांना असली चिल्लर खाती नको होती. आपल्याकडे १८७३ मध्ये सरकारी बचत बँकांचा कायदा झाला, १८८० मध्ये मनीऑर्डर पोस्टाकडे आली आणि दोन वर्षांनी बचत खाती. मनीऑर्डरने काय केलं हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको, मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाचा पगार कोकणात आणि घाटावरच्या गावांत पोचायचा तो ह्याच वाटेने, पोस्टमन अंगणात येऊन नोटा मोजून द्यायचा आणि सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि गावात लिहिता-वाचता येणारं कोणी नसेल तर पत्रही तोच वाचून दाखवायचा. एवढा विश्वास कुठल्या बँकेच्या माणसाला मिळालाय सांगा.

आता पुण्याचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर फार कमी बोललं जातं. १८९० च्या सुमारास इथे औद्योगिक परिषद भरली होती, तिथे न्यायमूर्ती रानड्यांनी डच सरकारने जावामध्ये शेतीला आणि कारखानदारीला आगाऊ भांडवल कसं पुरवलं ह्यावर निबंध मांडला, आणि त्यातच म्हटलं की पोस्टाच्या खात्यांत कोट्यवधी रुपये साठतायत, सरकारला त्यावर व्याज द्यावं लागतंय, तर हाच पैसा स्थानिक समित्यांमार्फत इथल्या उद्योगांना कर्जाऊ द्या ना. पोस्टाची खाती सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं होत होती! लोकांची बचत लोकांच्याच कामी यावी, ती तिजोरीत गडप होऊ नये, एवढी साधी मागणी होती आणि ती मान्य झाली नाही.

स्वातंत्र्यानंतरही रचना तीच राहिली. पैसा गावातून गोळा करायचा आणि सरकारला वापरायला द्यायचा. १९९९ पासून तो राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो, त्यातून केंद्र आणि राज्यं उसने घेत आलीत. त्यातून विकासकामं झाली असतील, नाही म्हणत नाही, पण भोर किंवा वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याने साठवायचं खातं, भरणाऱ्या बाईला शिलाई मशीनसाठी दहा हजार हवे असतील तर पोस्ट तिला तिच्या जमेच्या पलीकडे काहीच देऊ शकत नव्हतं, ती सावकाराकडे नाहीतर पतपेढीत जायची. गोळा करण्याची यंत्रणा मात्र जबरदस्त उभी राहिली. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली, आणि दुपारी वाड्यावाड्यांतून, सोसायट्यांतून आरडीचे हप्ते गोळा करणाऱ्या एजंट बायका हा पुण्यातल्या मध्यमवर्गाच्या आयुष्याचा भागच झाला, कित्येक घरांतलं मुलीचं लग्न, मुलाची फी ह्यातूनच निघाली.

लोक पोस्टाला का धरून राहतात हे पुणेकराला तरी विचारू नका. रुपी ही पुण्यातली सहकारी बँक १९१२ मधली, घराघरात खाती, २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये लायसन्सच रद्द झालं, मधली नऊ वर्षं म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्याच पैशांसाठी कशी काढली ते ह्या शहराने बघितलंय. बँकेतल्या ठेवीवर विमा ५ लाखांपर्यंतच, तोही २०२० पर्यंत फक्त १ लाख होता. पोस्टातल्या ठेवीमागे थेट केंद्र सरकार उभं असतं.

२०१३ मध्ये टपाल खात्याने पूर्ण बँकेच्या लायसन्ससाठी अर्ज केला होता. २०१४ मध्ये पसंती मिळाली ती आयडीएफसी आणि बंधन ह्या वित्तसंस्थांना, पोस्टाचा विषय बाजूला राहिला. मग २०१५ मध्ये पेमेंट्स बँकेला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. पण पेमेंट्स बँक म्हणजे ठेव घ्या, पैसे पाठवा, कर्ज देऊ नका. ठेवीची मर्यादा आधी १ लाख, २०२१ पासून २ लाख. कर्जाच्या बाबतीत फार तर दुसऱ्या बँकेसाठी गिऱ्हाईक शोधून द्यायचं. ह्या बँकेचं काम वाईट नाही हां, लॉकडाऊनमध्ये पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देत होते, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला खातं हवं म्हणून बायका पोस्टातच गेल्या.

अमेरिकेत तर १९११ ला सुरू केलेली पोस्टाची बचत खाती १९६७ मध्ये बंदच केली आणि आता परत सुरू करावीत का ह्यावर वाद चाललाय. आपण निदान ते घालवलं नाही.

कर्ज दिलं की थकबाकी येणार, वशिले येणार, पोस्टाला वसुली जमणार नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. पण आरडीचे १२ हप्ते नीट भरले की जमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज आजही पोस्टातच मिळतं, म्हणजे कर्जाचा हिशोब ठेवायची सवय आहे, फक्त ते स्वतःच्याच पैशावर मिळतं. ज्या बाईने पाच वर्षं एक हप्ता चुकवला नाही तिला जमेपेक्षा पंचवीस हजार जास्त द्या, ती फेडते का बघा, एक जिल्हा घेऊन करा, पुणे जिल्हाच घ्या, इथे शहरही आहे आणि डोंगरातल्या वाड्याही आहेत.