पार्श्वभूमी : कापणीची काडबाहुली वेदीवर कशी आली

ब्रिटनमधल्या पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा आज नव्याने पाळणाऱ्या घरांत १ ऑगस्टला, लॅमस या सुगीच्या सणाच्या वेदीवर, ताज्या पावाशेजारी गव्हाच्या काडांची विणलेली 'कॉर्न डॉली' ठेवतात. विकतच्या बाहुलीसोबत येणारी चिठ्ठी बहुतेक एकाच साच्यातली असते. शेतातल्या शेवटच्या पेंढीत धान्याचा आत्मा आसरा घेतो, त्या पेंढीची बाहुली करून तो हिवाळाभर घरात जपतात आणि वसंतात नांगराच्या पहिल्या सरीत पुन्हा मातीत घालतात. यातला आत्मा एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासिकेतून आला, विणीचा बराच भाग विसाव्या शतकातला आणि लॅमसशी जोडणी त्याहून अलीकडची. शेवटची पेंढी मात्र खरोखर जुनी आहे.

तिच्याबद्दलची बऱ्यापैकी जुनी नोंद १५९८ ची. त्या सप्टेंबरात एका जर्मन प्रवाशाने विंडसरजवळ सुगीची शेवटची गाडी घरी येताना पाहिली. गाडी फुलांनी सजवलेली, वर भारी कपड्यांतली एक मूर्ती आणि गाडीत बसून गडी-मोलकरणी घसा फुटेस्तोवर ओरडत निघालेल्या. ही बहुधा रोमन धान्यदेवता सेरेस असावी, असे त्याने लिहून ठेवले. तो अंदाज त्याचा स्वतःचा. गाडीतली मंडळी तिला काय समजत होती, हे नोंदीत नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या नोंदी भरपूर आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कॉर्नवॉलमध्ये म्हातारा कापणारा शेवटची मूठ उंच धरून 'मिळाली' असे तीनदा ओरडे, बाकीचे 'काय मिळालं?' असे तीनदा विचारत आणि उत्तर येई, 'नेक', म्हणजे हीच शेवटची मूठ. वेल्समध्ये तिला कापणीची घोडी म्हणत. ज्याच्या हाती ती असे त्याने ती कोरडी घरात न्यायची आणि घरातल्या बायकांनी बादल्या घेऊन त्याला भिजवायचे. हेरफर्डशरमध्ये उभ्या धान्याच्या चार जुड्या चार पायांसारख्या बांधून लांबून विळे फेकत, ज्याच्या विळ्याने ती पडे तो जिंकला. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात शेवटची पेंढी ख्रिसमसपर्यंत किंवा पहिल्या नांगरटीपर्यंत ठेवत आणि गाभण घोडीला किंवा गाईला चारत. नॉर्थम्बरलँडमध्ये तिला कापडी झगा घालून बाहुलीचे रूप देत.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचा सूर अगदी वेगळा होता. तिथे ती पेंढी म्हणजे 'कायआख', म्हातारी. ज्याची कापणी गावात सगळ्यात शेवटी संपे त्याच्या गळ्यात ती पडे आणि हिवाळाभर म्हातारीला पोसणे त्याच्या नशिबी येई. कापणी लवकर उरकलेला शेतकरी ती गुपचूप शेजाऱ्याच्या शेतात टाकून पळायचा, कारण धरला गेला तर मार ठरलेला. काही बेटांवर तीच 'लंगडी शेळी' होती. आशीर्वाद म्हणून जपायची वस्तू आणि शेजाऱ्याच्या माथी मारायची वस्तू एकाच चिठ्ठीत कशा बसवायच्या? चिठ्ठी लिहिणारे दुसरी गाळतात.

आत्म्याची गोष्ट जर्मनीत सुरू झाली. १८६५ च्या सुमारास तिथल्या एका अभ्यासकाने कापणीच्या चालीरीतींवर छापील प्रश्नावली युरोपभर पाठवली, युद्धकैद्यांनाही गाठून त्यांच्या गावांतल्या रीती विचारल्या आणि उत्तरांतून धान्यात वस्ती करणाऱ्या शक्तींची एक मांडणी उभी केली. १८९० मध्ये केंब्रिजच्या एका विद्वानाने ती उचलली, तिला मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवांची जोड दिली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत दोन खंडांचे बारा केले. १९३४ मध्ये एका स्वीडिश लोकसाहित्य अभ्यासकाने या इमारतीचा पायाच उकरला. शेतातला लांडगा किंवा म्हातारी ही उभ्या पिकात शिरणाऱ्या पोरांना घालायची भीती असते, आणि कष्टाच्या कामाचा शेवटचा घास कुणाच्याही डोळ्यात भरतोच, त्यासाठी देव लागत नाही, असे त्याचे म्हणणे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ते मोठ्या प्रमाणावर मान्य केले. तोवर जुनी मांडणी सामान्य वाचकांच्या हाती पोचली होती आणि पेगन चळवळ उभी राहिली ती त्याच वाचनावर.

प्रत्यक्ष शेतात दरम्यान यंत्र आले. कापून पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडरने विळा घालवला तरी पेंढी ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलेल्या कंबाइनने पेंढीच संपवली. कापणी आणि मळणी एकाच फेरीत होते आणि मागे पडतो तो मोडलेला काड. जिथे शेवटची पेंढी उरलीच नाही तिथे ती आणण्याचा विधी मुद्दाम उभा करावा लागला. कॉर्नवॉलमधला 'नेक'चा पुकारा १९२० च्या दशकातच स्थानिक मंडळांनी पुन्हा सुरू केला होता.

आज आपण जिला कॉर्न डॉली म्हणतो ती या पडझडीतून हस्तकला म्हणून वर आली. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवात लंडनच्या साउथ बँकेवर काडांचे भव्य सिंह आणि एकशिंगी घोडा मांडले होते, एसेक्समधल्या एका कारागिराने विणलेले. त्यानंतर खेड्यांतल्या महिला मंडळांनी वर्ग घेतले, नमुन्यांची पुस्तके निघाली, स्टॅफर्डशरची गाठ, सफोकचा नाल, केंब्रिजशरची घंटा अशी परगण्यांची नावे रुळली. एखाद्या परगण्यात एखादा नमुना सापडला की तो 'तिथला' ठरायचा. ही नावे वाचून प्रत्येक परगण्याची हजार वर्षांची वेगळी परंपरा आहे असे समजणे म्हणजे निव्वळ भाबडेपणा. याच १९५१ मध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना ब्रिटिश कायदा रद्द झाला आणि तीन वर्षांत विक्का या आधुनिक पेगन पंथावरचे पहिले उघड पुस्तक बाजारात आले. दोन्ही पुनरुज्जीवने शेजारी-शेजारी वाढली, पण एकमेकींना भेटली ती जरा उशिराच.

आता वादाचा मुद्दा : ही बाहुली मुळात लॅमसची आहे का?

लॅमस हा पहिल्या पावाचा सण. जुन्या इंग्रजीतले नावच पावाच्या प्रार्थनेचे आहे आणि त्या दिवशी नव्या धान्याचा पाव चर्चमध्ये नेत. शेवटची पेंढी हा सुगी संपल्याचा विधी. ब्रिटनमध्ये गव्हाची कापणी ऑगस्टभर आणि उत्तरेकडे सप्टेंबरातही चालते. शिवाय १७५२ मध्ये पंचांग बदलून अकरा दिवस गळाले, म्हणजे आजचा १ ऑगस्ट हा हंगामाच्या हिशेबाने जुन्या लॅमसच्याही अकरा दिवस आधीचा. (कोकण-गोव्यातल्या वाचकांना इथे दारावर बांधायचे भाताचे 'नवे' आठवेल. दोन्हींचा ऐतिहासिक संबंध नाही, पण 'नवे' आणि लॅमस पहिल्या धान्याचे आहेत आणि बाहुली शेवटच्या, हा फरक त्यावरून चटकन कळतो.) पेगन वर्षचक्रात १९५८ च्या सुमारास अयन-संपातांचे चार दिवस (सगळ्यात मोठा, सगळ्यात लहान आणि दिवस-रात्र समान असणारे दोन) ऋतुबदलाच्या चार सणांच्या बरोबरीने आले आणि सुगीचे सण दोन झाले : लॅमस आणि सप्टेंबरचा संपात. बाहुलीला दुसरी जागा स्वाभाविक होती. ती गेली पहिल्या जागी, कारण संपाताच्या वेदीवर सफरचंदे आणि द्राक्षे आली आणि 'धान्याचा सण' हे नाव लॅमसला चिकटले. संपाताला आज सर्रास वापरतात ते 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकेत दिलेले.

यावर विणणारे लोक जे बोट ठेवतात ते पुस्तकांत क्वचित येते. विणायचा काड कंबाइनच्या दोन-तीन आठवडे आधी कापावा लागतो : दांडा पिवळा झालेला, गाठी अजून हिरव्या, ओंबी अजून ताठ. ओंबी खाली वाकली की काड ठिसूळ होतो आणि वळवताना मोडतो. विळ्याच्या आणि बाइंडरच्या काळात पीक जरा कच्चेच कापून शेतात उभ्या जुड्यांत वाळवत, ओट तर तीन रविवार तसाच ठेवायची रीत होती, म्हणून तेव्हाची शेवटची पेंढी विणता येण्याजोगी होती. आजची नाही. थोडक्यात, आज नीट विणलेली बाहुली शेवटच्या पेंढीची असूच शकत नाही, ती हंगामातल्या पहिल्याच कापणीची असते. लॅमसला ती ठेवणाऱ्यांना नकळत चांगला आधार मिळतो. चिठ्ठीतला मजकूर मात्र बदलावा लागेल.

वाणाचा प्रश्नही इथलाच. ज्या जपानी बुटक्या गव्हाची जनुके मेक्सिकोमार्गे सोनोरा-६४ आणि लर्मा रोहो या वाणांतून भारतात आली, तीच १९७० च्या दशकात ब्रिटिश वाणांत उतरली. पीक लोळायचे थांबले, पण काड आखूड झाला. विणीला लागते ते ओंबीपासून पहिल्या गाठीपर्यंतचे वरचे पेर : लांब, पोकळ, पातळ सालीचे. म्हणून कारागीर अजून १९६४ चा 'मॅरिस विजन' किंवा त्याहून जुने उंच वाण शोधतात. ते टिकलेत ते मुख्यतः गव्हाच्या काडाने घरे शाकारणाऱ्यांमुळे. काळ्या कुसळांचा ड्युरम गहू, आपल्याकडच्या बन्सीच्या जातीचा, दिसायला देखणा. पण त्याचे वरचे पेर बरेचदा भरीव असते आणि त्यात सांधा बसत नाही.

साधी पाचकाडी वेणी, जी बहुतेक बाहुल्यांचे अंग असते, ती अशी. पाने आणि आवरण सोलून काड कोमट पाण्यात वीस ते तीस मिनिटे बुडवायचा, मग ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवायचा. जुना काड तासभरही घेतो. चिमटीत दाबल्यावर चिरला नाही म्हणजे तयार. फार भिजला तर फुगतो आणि वाळल्यावर वीण ढिली पडते. रात्रभर ओला राहिला तर काळे डाग आणि बुरशी. पाच काड्या ओंब्यांच्या लगेच खाली घट्ट बांधून चार दिशांना पसरायच्या, एका दिशेला दोन. त्या दोनांतली बाहेरची उचलून शेजारच्या दोन काड्यांवरून न्यायची आणि पलीकडे ठेवायची. जिच्यावरून शेवटी गेलो ती आता उचलायची, तीही पुढच्या दोनांवरून. दर वेळी काम चतकोर फिरवायचे. काडी आधीच्या घडीच्या जरा बाहेर ठेवली की वेणी फुगते, आत ठेवली की निमुळती होते. पोट भरीव हवे असेल तर टाकाऊ काडांची जुडी मध्ये धरून तिच्याभोवती विणतात. काडी संपत आली की कोपऱ्यावर कापून तिच्या पोकळ बुडख्यात नव्या काडीचे बारीक टोक सारायचे. दोन-तीन सांधे एकाच फेऱ्यात आले तर बाहुली तिथेच मोडते, म्हणून सुरुवातीलाच काड्या कमी-जास्त लांबीच्या घेतात.

लॅमसची बाहुली फेब्रुवारीत इम्बोल्क या पेगन सणाला ब्रीद देवीची प्रतिमा म्हणून पाळण्यात निजवायची, हा आता सर्रास दिसणारा क्रमही जोडकाम आहे. हेब्रिडीज बेटांवर ओटच्या पेंढीला बाईचे कपडे घालून टोपलीत निजवत आणि शेजारी लाकडी सोटा ठेवत, अशी नोंद १७०३ मध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात आहे. पण ती कापणीची जपलेली शेवटची पेंढीच होती, असे त्यात म्हटलेले नाही. दोन चाली एका धाग्यात ओवल्या त्या विसाव्या शतकातल्या पेगन पुस्तिकांनी. ओवणी सुबक आहे हे मान्य.

अटलांटिकपलीकडे गोंधळ वेगळा. अमेरिकेत कॉर्न म्हणजे मका, त्यामुळे तिथल्या वेद्यांवर मक्याच्या कणसाच्या सालांची बाहुली येते. तिची रीत स्वतंत्र आहे आणि ती तिथल्या मूळ रहिवाशांची. साले भिजवायची, दुमडून बांधायची, विणायचे काहीच नाही. तिला ब्रिटिश नाव लावून विकणे ही दुहेरी चूक, इकडचीही आणि तिकडचीही.

पुढच्या कापणीपर्यंत बाहुली टिकवायची तर ओंब्यांतले दाणे हीच अडचण : उंदीर आणि सोंडे त्यासाठीच येतात. पूर्ण वाळवून बंद पिशवीत काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर सोंडे मरतात, उंदरांसाठी उंच टांगणे हाच उपाय. थेट उन्हात काडाचा सोनेरी रंग उडतो. वेदीवर राळेचा धूप जाळायचा असेल तर अंतर राखावे, कारण धुपासाठीच्या कोळशाच्या वड्या लवकर पेटाव्यात म्हणून त्यांत बहुधा सोरा घातलेला असतो आणि पेटताना त्या ठिणग्या उडवतात. वर्ष सरल्यावर बाहुली जाळायची, पुरायची की चारायची यावर जुन्या नोंदींत एकमत नाही. चारायची असेल तर तिच्यावर वॉर्निश लावलेले नसावे आणि बांधायची तार आधी काढलेली असावी.