खांद्याच्या पात्यातील रचनाभेद

खांद्याचे पाते किंवा खवाटा (शास्त्रीय नाव अंसफलक, स्कॅप्युला) हे पाठीवर दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या उंचीवर असलेले चपटे, त्रिकोणी हाड. त्याच्या कडा, खाचा आणि टोके यांच्या आकारात माणसागणिक फरक असतो. एकाच माणसाची उजवी-डावी पातीही तंतोतंत जुळतीलच असे नाही. यांतले बहुतेक फरक जन्मभर त्रास देत नाहीत. जिथे हाडाला लगटून मज्जातंतू जातो किंवा शस्त्रक्रियेची वेळ येते, तिथे मात्र त्यांची दखल घ्यावी लागते.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो वरच्या कडेवरील सुप्रास्कॅप्युलर खाचेचा. खाचेच्या तोंडावर अस्थिबंध, म्हणजे चिवट तंतुमय पट्टा, ताणलेला असतो. त्याखालून सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू जातो, तर त्याच नावाची रोहिणी सहसा वरून जाते. रेंगाचारी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खाचेचे सहा प्रकार मांडले. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खाच सर्वाधिक, सुमारे ४८ टक्के पात्यांत दिसली. रुंद ‘व्ही’सारखी ३१ टक्क्यांत. सुमारे ८ टक्क्यांत स्पष्ट खाच नव्हतीच. सुमारे ६ टक्क्यांत अस्थिबंध अंशतः आणि ४ टक्क्यांत पूर्णपणे हाडात रूपांतरित झालेला होता. या शेवटच्या प्रकारात खाचेचे बंद छिद्र होते.

अरुंद खाच किंवा असे छिद्र असले की मज्जातंतू दाबला जाण्याची शक्यता वाढते. खांद्याच्या मागे खोलवर ठणका लागतो, हात बाजूला उचलताना आणि बाहेर वळवताना जोर कमी पडतो, आणि कालांतराने पात्याच्या कण्याच्या (त्याच्या मागच्या बाजूवरील आडव्या उंचवट्याच्या) वरचा व खालचा असे दोन्ही स्नायू सुकतात. फक्त खालचा सुकला असेल, तर दाब मज्जातंतूच्या वाटेवर पुढे, कणा आणि सांध्याची उखळ यांमधल्या स्पायनोग्लेनॉइड खाचेपाशी आहे असे समजावे. व्हॉलीबॉलपटूंमध्ये हे विशेष आढळते. दाब सोडवताना अस्थिबंध कापतात, पण त्याचे हाड झालेले असेल तर साध्या कात्रीने भागत नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन केलेला बरा. सुकवलेल्या हाडांवरच्या अभ्यासाला एक मर्यादा आहे: मऊ अस्थिबंध तिथे उरलेलाच नसतो, त्यामुळे जिवंतपणी वाट किती अरुंद होती ते नुसत्या हाडावरून कळत नाही.

अंसकूटाची (अ‍ॅक्रोमियन, म्हणजे खांद्याच्या माथ्यावरचे पात्याचे टोक) कथा वेगळी आहे. बिग्लियानी यांनी १९८६ मध्ये त्याचे सपाट, वक्र आणि आकडेदार असे तीन प्रकार सांगितले. आकडेदार टोक खालच्या स्नायुबंधाला घासून फाडते, या समजुतीवर ते तासण्याच्या शस्त्रक्रिया पुढे सर्रास होऊ लागल्या. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधील चाचण्यांत मात्र हाड तासलेल्या रुग्णांना लुटुपुटीच्या (हाड न तासता केलेल्या) शस्त्रक्रियेपेक्षा जाणवण्याजोगा जास्त फायदा झाला नाही. एक्स-रेवर आकडा दिसला म्हणून दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडणे घाईचे ठरते.

अंसकूटाची अस्थिकेंद्रे, म्हणजे वाढीच्या वयात जिथून हाड तयार होते ते भाग, साधारण पंचविशीपर्यंत जुळतात. ती जुळली नाहीत तर सुटा तुकडा राहतो. त्याला ऑस अ‍ॅक्रोमिएल म्हणतात. अपघातानंतर काढलेल्या एक्स-रेत हाच तुकडा अस्थिभंग समजला जाण्याचा धोका असतो. कडा गुळगुळीत असणे ही त्याची खूण. दुसऱ्या खांद्यातही तो असेल तर संशय बराच फिटतो. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरील सांगाड्यांत तो नेहमीपेक्षा अधिक आढळला. लहानपणापासूनच्या धनुर्विद्येच्या सरावाने खांद्यावर आलेल्या ताणाशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे.

सांध्याच्या उखळीची (ग्लेनॉइड) खोली आणि कल हेही बदलतात. कृत्रिम सांधा बसवताना ते मोजावे लागतात.

स्प्रेंगेल विकृती ही मात्र नुसता रचनाभेद नव्हे, तर जन्मजात दोष. गर्भावस्थेत मानेच्या पातळीवर तयार झालेले पाते पुरेसे खाली उतरत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पाते मानेच्या मणक्यांना जादा हाडाने जोडलेले असते. खांदा वर दिसतो आणि हात डोक्यावर पूर्ण जात नाही. सौम्य दोषात काही करावे लागत नाही. तीव्र असल्यास बालपणीच शस्त्रक्रियेने पाते खाली आणतात. तेव्हा हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ताण येऊ नये म्हणून काही वेळा गळपट्टीचे हाडही कापावे लागते.