लेबनॉनचे राष्ट्राध्यक्षपद आणि धर्मपंथ

लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट (पोपला मानणारा पूर्वेकडचा एक ख्रिस्ती पंथ) ख्रिस्तीच असतो. असा कायदा मात्र नाही. १९२६ च्या राज्यघटनेतील कलम ४९ मध्ये या पदाच्या पात्रतेच्या अटी आहेत, पण त्यांत पंथाचा उल्लेख नाही. हा केवळ संकेत आहे, आणि १९४३ च्या ‘राष्ट्रीय करारा’पासून तो एकदाही मोडलेला नाही.

हा करार म्हणजे मॅरोनाइट नेते बिशारा अल-खूरी आणि सुन्नी नेते रियाद अल-सुल्ह यांच्यातील तोंडी समझोता. ख्रिस्ती समाजाने फ्रान्सचे छत्र मागायचे नाही, मुसलमानांनी सीरियात विलीन होण्याचा आग्रह सोडायचा, असे ठरले. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट आणि पंतप्रधान सुन्नी ही विभागणी त्यातूनच रूढ झाली. संसदेचे सभापतिपद शियांकडे कायमचे जायला आणखी काही वर्षे लागली. करारापूर्वी चित्र वेगळे होते. पहिले राष्ट्राध्यक्ष शार्ल दब्बास ग्रीक ऑर्थोडॉक्स होते. १९३२ मध्ये सुन्नी नेते मुहम्मद अल-जिस्र यांनी या पदासाठी दावा केला, तेव्हा देशावर ताबा असलेल्या फ्रान्सच्या उच्चायुक्ताने राज्यघटनाच स्थगित केली. त्याच वर्षीच्या जनगणनेत ख्रिस्ती निम्म्याहून किंचित अधिक भरले. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेली नाही. वाटपाचा मूळ आधारच तो आकडा असल्याने नवी मोजणी कोणत्याच सरकारला परवडली नाही.

राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडत नाही, संसद निवडते. संसदेच्या जागाही पंथवार ठरलेल्या आहेत. पूर्वी ख्रिस्ती आणि मुस्लिम जागांचे प्रमाण ६:५ होते. यादवी युद्ध संपवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ कराराने ते समसमान केले. आज १२८ पैकी ६४ जागा ख्रिस्ती पंथांच्या (त्यांत मॅरोनाइट ३४, ग्रीक ऑर्थोडॉक्स १४) आणि ६४ मुस्लिम पंथांच्या आहेत (सुन्नी २७, शिया २७, ड्रूझ ८, अलवी २).

निवडणुकीची रीत बारकाईने पाहावी लागते, कारण सगळी मेख तिथेच आहे. मुदत संपण्याच्या दोन महिने ते एक महिना आधी सभापती बैठक बोलावतात. उमेदवारी अर्ज भरण्याची पद्धतच नाही. सदस्य कागदावर नाव लिहितो, पाकिटात घालतो आणि पेटीत टाकतो; कोरा कागद टाकणे हेही राजकीय मत मानले जाते. पहिल्या फेरीत दोन-तृतीयांश म्हणजे ८६ मते लागतात, पुढच्या फेऱ्यांत ६५ पुरतात. मात्र रूढ अर्थानुसार गणपूर्ती प्रत्येक फेरीला ८६ चीच लागते. म्हणजे ४३ सदस्य सभागृहाबाहेर गेले की निवडणूक तिथेच थांबते. ६५ मते हाताशी असूनही उपयोग होत नाही.

त्यामुळे या पदासाठीची चढाओढ मॅरोनाइट घराण्यांत आणि पक्षांत होते, पण निकाल इतर पंथांच्या हाती असतो. मॅरोनाइट पॅट्रिआर्कचे (सर्वोच्च धर्मगुरूचे) पीठ असलेल्या ब्केर्के येथे नावांवर खल होतो. २००७ मध्ये तत्कालीन पॅट्रिआर्क स्फैर यांनी नावांची यादीही दिली होती, पण तिच्यातून कोणी निवडून आले नाही. स्वपंथात सर्वांत बलवान असलेला नेता इतरांना नको असतो, आणि इतरांना चालणारा नेता स्वपंथात दुबळा ठरतो. हा तिढा सुटेना की दोन्ही बाजूंना चालणारा लष्करप्रमुख पुढे केला जातो. फुआद शिहाब, एमिल लहूद, मिशेल सुलैमान आणि जोसेफ औन हे चौघेही लष्करप्रमुखपदावरून आले. अडचण अशी की कलम ४९ नुसार वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने पद सोडून दोन वर्षे झालेली असावी लागतात.

ताजे उदाहरण ९ जानेवारी २०२५ चे. जोसेफ औन यांना पहिल्या फेरीत ७१ मते पडली. पुढच्या फेरीला पुरणारा ६५ चा आकडा त्यांनी ओलांडला होता, पण पदावरच्या लष्करप्रमुखासाठी घटनादुरुस्तीइतके, म्हणजे ८६ मतांचे बळ हवे, अशी भूमिका होती. दोनेक तासांच्या विश्रांतीत अमल आणि हिजबुल्ला या शिया पक्षांच्या प्रतिनिधींनी त्यांची भेट घेतली. दुसऱ्या फेरीत ९९ मते पडली. संसदेतील सगळ्या २७ शिया जागा या दोन पक्षांच्या आघाडीकडे होत्या, हे लक्षात घेतले की वाढलेली २८ मते कुठून आली ते कळते.

एवढे जुळून येईपर्यंत पद रिकामे राहते. मे २०१४ ते ऑक्टोबर २०१६ आणि ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५ अशी दोनदा ते दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते. दुसऱ्या खेपेला १४ जून २०२३ च्या बाराव्या बैठकीत जिहाद अझूर यांना ५९ आणि सुलैमान फ्रंजिये यांना ५१ मते पडली, मग सभात्याग झाला आणि पुढे दीड वर्ष मतदानच झाले नाही. पद रिकामे असताना अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात. २०१४ नंतर २४ मंत्र्यांच्या मंत्रिमंडळात एकमताचा आग्रह धरला गेला आणि साधे निर्णयही अडले. २०१६ ची निवडणूकही सरळ पार पडली नाही: हजर सदस्य १२७ आणि पेटीत पाकिटे १२८ निघाल्याने मतदान पुन्हा घ्यावे लागले.

पंथांना एकमेकांची भीती वाटू नये म्हणून ही व्यवस्था आली, आणि १९४३ मध्ये ती गरज खरी होती. पण शिया, ड्रूझ किंवा ऑर्थोडॉक्स घरात जन्मलेल्या लेबनॉनी नागरिकाला आपल्या देशाचे सर्वोच्च पद जन्मतःच बंद आहे, हा अन्याय त्या गरजेने धुऊन निघत नाही. ताइफ करारानंतर बदललेल्या कलम ९५ नुसार पंथव्यवस्था टप्प्याटप्प्याने संपवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्याच अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमायची आहे. ती अद्याप नेमलेली नाही.