पट्टा पोटावर नको, हाडावर हवा

मोठ्या प्रवासी विमानात केबिन क्रू पाहून जातात म्हणून आपण पट्टा लावतो, तोही पोटावरून सैलसर. सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानात ही सवय घेऊन बसू नये.

थोडे गणित करू. इंजिन बंद पडले, वैमानिकाने विमान शेतात उतरवले. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. नाक बांधात घुसले आणि साडेतीन मीटरांत सगळे थांबले, तर सरासरी ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट इतका झटका बसतो. ७० किलोच्या माणसाला पट्ट्याने सव्वासहाशे किलोंच्या भाराइतका जोर लावून अडवायचे असते.

शरीर हे सोसू शकते. अमेरिकी हवाई दलातल्या डॉ. जॉन स्टॅप यांनी डिसेंबर १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोत स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतले आणि थांबताना ४६ जी सोसले. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेना. पण पुढे ते ८९ वर्षांपर्यंत जगले. त्यांना जखडणारे पट्टे घट्ट होते आणि मजबूत हाडांवर बसले होते, हे महत्त्वाचे.

उलट अनुभव ह्यू डीहेवन यांचा. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक असताना त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. ते वाचले, पण पोटातल्या अवयवांना गंभीर इजा झाली, आणि तिचे खापर त्यांनी फोडले पट्ट्याच्या बकलावर. १९४२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात अपघातांतल्या दुखापतींचा अभ्यास सुरू केला, त्यामागे हेच बकल होते.

म्हणून आधी पाठ आणि बूड आसनाला पूर्ण टेकवून बसा. कमरेला पुढून दोन्ही बाजूंना हाडाची टोके हाताला लागतात. कमरेचा पट्टा त्यांच्या खाली, मांड्या जिथे वळतात तिथे बसवा आणि चांगला आवळा. खांद्याचा पट्टा त्यानंतर. हा क्रम उलटला, किंवा खांद्याचा पट्टा कमरेच्या पट्ट्याहून जास्त ताणला, की कमरेचा पट्टा वर ओढला जाऊन पोटावर येतो. मग धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि सगळा भार यकृत, आतडी आणि मणक्यावर पडतो.

तिरका पट्टा गळ्याला घासू नये, खांद्याच्या कडेवरही नको. गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून जावा. खाली तो कमरेच्या पट्ट्याला जोडला जातो ती जागा कुशीच्या बाजूला असावी, बेंबीसमोर नाही. कसरतीच्या विमानांत मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा असतो. तो उलटे उडण्यासाठीच असतो असे अनेकांना वाटते, पण बकल वर सरकू न देणे हे त्याचे मोठे काम आहे.

सैल पट्टा तर फारच फसवा. विमान थांबू लागते तेव्हा तुम्ही अजून मूळ वेगातच असता; ढील संपते तेव्हा थांबायला अंतर कमी उरते आणि झटका वाढतो. सेसनात इंधनाची कळ खाली, दोन आसनांच्या मध्ये असते. पट्टा आपोआप ढिला होणारा नसेल, तर तिथे हात पोचवायला वैमानिक तो सैल करतात आणि पुन्हा आवळायचे राहून जाते. गोंदिया-धुळ्याकडे विमान चालवायला शिकणाऱ्यांनी उतरण्यापूर्वीच्या तपासणीत पट्ट्यावर हात फिरवलाच पाहिजे.

अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला, आणि सगळ्या आसनांना १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्यांत. विमानाच्या जगात चाळीस वर्षे म्हणजे काही म्हातारपण नव्हे, त्यामुळे मागे नुसता कमरेचा पट्टा असलेली विमाने आजही उडतात. तिथे बसायची वेळ आली तर खांद्याचा पट्टा आहे का, हे उड्डाणापूर्वीच विचारावे. आसन रुळावर नीट अडकले आहे का, हेही मागेपुढे हलवून पाहावे. उड्डाणाच्या वेगात आसन मागे घसरले तर वैमानिकाचे हात सुकाणूपर्यंत पोचत नाहीत.

आणि दार लावताना पट्ट्याचे टोक आत घ्या. बाहेर राहिलेले टोक वाऱ्याने पत्र्यावर असे धाडधाड आपटते, की इंजिनच सुटून पडतेय असे वाटावे. तसे झालेच तर दार उघडायला जाऊ नका; वैमानिकाला सांगा, तो शांतपणे नेहमीसारखे विमान उतरवेल.