माउथवॉश काय करतो आणि काय करत नाही

रत्नागिरी असो वा वेंगुर्ले, औषधांच्या दुकानात माउथवॉशच्या रंगीत बाटल्या सहज मिळतात, आणि सकाळी घाईच्या वेळी दात न घासता नुसती चूळ भरली तरी भागते, असा एक सोयीस्कर समजही त्यांच्याबरोबर घरात येतो.

हा समज का टिकत नाही, ते दातांवरच्या चिकट थरावरून, म्हणजे प्लाकवरून, कळते. तोंडात जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या असून त्यांतील काही लाळेतील प्रथिनांच्या पातळ पडद्याला चिकटतात आणि स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात दडून राहतात. अर्ध्या-एक मिनिटाच्या चुळीत औषध वरच्या जिवाणूंपर्यंत पोहोचते. आतल्यांना मात्र ब्रशचे घर्षणच हलवू शकते.

डेन्मार्कमध्ये हिरड्यांच्या रोगांचे संशोधक हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 1965 साली दाखवले की, दात घासणे थांबवल्यास निरोगी हिरड्याही 10 ते 21 दिवसांत सुजतात. पुढे 1970 साली त्यांच्याच प्रयोगात माउथवॉशमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या 0.2 टक्के द्रावणाच्या दिवसातून दोन चुळांनी, दात घासणे बंद असतानाही, नवा थर साचणे रोखले गेले. पण हे दात आधी स्वच्छ केलेले होते. धन विद्युतभार असल्याने क्लोरहेक्सिडिन दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून कित्येक तास हळूहळू सुटत राहते, म्हणूनच हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, ब्रश लावणे अशक्य असताना, दंतवैद्य ते थोड्या दिवसांसाठी देतात. ते अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते आणि दातांवरचे कीटणही वाढू शकते. चहा वारंवार घेणाऱ्यांत हे डाग अधिक उठतात.

कोकणात मशेरी लावण्याची आणि सुपारी चघळण्याची सवय जुनी आहे. मशेरी हा भाजलेला तंबाखूच असल्याने तिने दात घासणे म्हणजे रोज निकोटीन घेणे होय, आणि सुपारीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. माउथवॉशने यांचा वास तेवढा झाकला जातो (माझ्या मते हाच त्याचा सर्वांत फसवा उपयोग). तोंड कमी उघडू लागले किंवा पांढरा चट्टा दिसला, तर दंतवैद्याकडेच जावे लागते.

क्लोरहेक्सिडिन दिलेले असेल, तर ब्रश केल्यावर साधारण अर्ध्या तासाने चूळ भरावी, कारण टूथपेस्टमधील फेसकारक द्रव्य त्याचा परिणाम कमी करते. सहा वर्षांखालील मुले चूळ गिळून टाकण्याचा संभव असल्याने त्यांना दंतवैद्याने सांगितल्याखेरीज माउथवॉश देऊ नये.