एटलचा किल्ला, मॅनर्स घराणं आणि त्या परवान्याचा घोळ

टिल नदीकाठच्या एटलमध्ये मॅनर्स मंडळी किल्ल्याच्या आधीपासूनच होती, स्कॉटलंडच्या सरहद्दीला लागून असलेल्या उत्तर इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधलं मध्यम जमीनदार घराणं, पण त्यांचं नाव पुढे येतं ते १३४१ मध्ये, राजाकडून 'लायसन्स टू क्रेनेलेट' मिळालं तेव्हा.

हे लायसन्स म्हणजे किल्ला बांधायची परवानगी असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि सगळा घोळ तिथेच होतो. खरं तर ती तटाच्या माथ्यावर चर्या, म्हणजे दात्यांसारखे कंगोरे, काढायची परवानगी, आणि अशा कागदांत लॅटिनमध्ये बहुतेक वेळा 'मान्सुम' म्हणजे राहतं घर हाच शब्द येतो. जुनं मत असं की राजा यातून जमीनदारांना काबूत ठेवायचा. नंतरचे अभ्यासक म्हणतात, मागितलं की बहुतेकांना मिळायचंच, मग लगाम कसला, तो तर मान होता! मला हेच पटतं, कारण जवळच्याच फोर्डच्या हेरॉन घराण्याला लायसन्स मिळालं १३३८ ला, तीन वर्षांत एटलला, आणि १३४४ ला चिलिंगहॅमला. स्कॉटिश धाडींची भीती होतीच, ती कोण नाकारतंय, पण मुख्य दरवाज्यावर आपल्या घराण्याचं चिन्ह असलेली ढाल कोरून घेतली ती काय धाडी थोपवायला?

मॅनर्स आणि हेरॉन या शेजाऱ्यांचं वैर १४२८ मध्ये रक्तापर्यंत गेलं, हेरॉनांचा कर्ता पुरुष एटलपाशीच मारला गेला. तोच माणसं घेऊन चालून आला होता असं मॅनर्सचं म्हणणं, आणि ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. तंटा काही वर्षं चालला, शेवटी मॅनर्सनी विधवेला २५० मार्क (तेव्हाचं हिशेबाचं नाणं) द्यावेत आणि मृताच्या आत्म्यासाठी ५०० मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, करवाव्यात असा निवाडा झाला.

पुढे एका लग्नातून रूस घराण्याचा वारसा आला, त्यात लेस्टरशरमधला बीव्हर किल्लाही आला आणि घराणं दक्षिणेकडे सरकलं. १५१३ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स तोफा घेऊन आला तेव्हा एटल, नॉरहॅम, वार्क, फोर्ड एकामागून एक पडले, चर्यांचा तोफांपुढे काय टिकाव लागणार. ९ सप्टेंबरला फ्लॉडनच्या लढाईत जेम्स मारला गेला आणि त्याच्याच तोफा आणून एटलमध्ये ठेवल्या.

१५२५ ला घराण्याला रटलंडची अर्लकी, म्हणजे वरच्या दर्जाची सरदारकी, मिळाली, शतकाच्या मध्यावर एटल राजसत्तेकडे गेला, आणि १६०३ ला इंग्लंड आणि स्कॉटलंडचे दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आल्यावर सरहद्दीवरच्या ठाण्यावर खर्च करायचं कारणच उरलं नाही.