बाल्कांव आणि तिथल्या गजाली

जुन्या गोंयकार घराच्या दारापुढे चार पायऱ्या चढून गेलं की छपराखाली, दोन बाजूंना बसायला चिऱ्याचे कट्टे बांधलेली मोकळी जागा लागते, ती बाल्कांव. तिथे संध्याकाळी ज्या गप्पा चालतात त्या गजाली. गजाली म्हणजे काय हे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणाला सांगायला नको.

घोळ आहे तो नावांचा. बाल्कांव हा शब्द सरळ पोर्तुगीज, त्याच्या मागे इटालियन, आणि त्याच्याही मागे बहुधा तुळई अशा अर्थाचा जर्मानिक शब्द. पण पोर्तुगीजमध्ये दुकानाच्या काउंटरलाही तोच शब्द आहे. भावंड शब्द व्हरांडा, तो मात्र अजून वादात. काहीजण तो संस्कृत 'वरण्ड'वरून आणतात, काहीजण काठी या अर्थाच्या पोर्तुगीज 'वारा'वरून. वास्को द गामाच्या 1498 च्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत तो आलेला आहे, म्हणजे गोवा हातात यायच्या बारा वर्षं आधी, आणि किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या कोणी इथला शब्द इतक्या सहज वापरेल असं वाटत नाही, त्यामुळे पारडं थोडं पोर्तुगालकडे झुकतं.

वस्तूचं काय? रस्त्याकडे तोंड केलेलं बाल्कांव ख्रिस्ती घराचं आणि आत तुळस असलेलं राजांगण हिंदू घराचं, अशी वाटणी सहसा करतात. ढोबळमानाने ती बरोबर आहे. पण बसायच्या कट्ट्याला सोपो म्हणतात आणि मराठीत सोपा म्हणजे ओसरी, तेव्हा नाव बाहेरचं आणि बसायची सवय इथलीच, असं धरायला हरकत नसावी. (बाजारात बसणाऱ्यांकडून घेतात त्या करालाही सोपोच म्हणतात. बाल्कांवावर अजून पावती फाडत नाहीत.)

आज दिसतात तशी बाल्कांवं बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असावीत.

गजालींना विषय लागत नाही. तरी 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरांची मासेमारी बंद असते तेव्हा मासळीवर सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि लहानपणी मिळालेला इसवण, म्हणजे सुरमई, दाखवताना दोन हातांमधलं अंतर आठवड्याला वाढत जातं. कोणी अडवत नाही कारण पुढची पाळी आपली असते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की सगळे उठतात, पाव घेऊन परत बसतात, तेव्हा विषय भलताच असतो. फ्लॅटांना बाल्कनी असते पण ती चौथ्या मजल्यावर, मग गजाली खाली पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून होतात.